सामरवरणीतला घटोत्कच

वापी स्टेशनवर उतरून सेलवासकडे निघाले, की अर्ध्या-पाऊण तासात माणूस किती हद्दी ओलांडतो हे आपल्यासारख्या सीमाभागातल्या माणसाने एकदा मोजून पाहावे. वापी गुजरातेत. थोडे पुढे गेले की दादरा, म्हणजे केंद्रशासित प्रदेश. दादरा संपले की पुन्हा गुजरातची एक पट्टी. ती संपली की नगर हवेली आणि तिचे मुख्य गाव सेलवास, ज्याला आपण इंग्रजी वळणाने सिल्वासा म्हणतो. रस्ता तोच, रिक्षा तीच. माझ्या शेजारी बसलेल्या बाई मुलाशी मराठीत, रिक्षावाल्याशी गुजरातीत आणि फोनवर हिंदीत बोलत होत्या. मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. आपल्या बाजारातही भाजीचा भाव मराठीत विचारला जातो आणि घासाघीस कन्नडमध्ये होते. कोणती भाषा कुठे संपली ते बोलणाऱ्यालाही कळत नाही.

मी निघालो होतो सामरवरणीला. माझी धाकटी बहीण तिथे राहते. सामरवरणी सेलवासला लागूनच आहे. 2001 च्या जनगणनेत या साऱ्या प्रदेशात शहर म्हणून सेलवास आणि आमली एवढी दोनच नावे होती. 2011 च्या जनगणनेत दादरा, नरोली, रखोली, मसाट यांच्याबरोबर सामरवरणीही शहर ठरले. ही किमया कारखान्यांची. 1980 नंतर या प्रदेशाला करसवलती मिळाल्या आणि पॉलिएस्टर सुताचे, प्लास्टिकचे असे नाना प्रकारचे कारखाने आले. त्यांच्यामागून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, महाराष्ट्रातून माणसे आली आणि त्यांच्यासाठी खोल्यांच्या लांबलचक चाळी उभ्या राहिल्या. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी हे इथले मूळ रहिवासी. 2001 मध्ये लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण सुमारे 62 टक्के होते, दहा वर्षांनी ते 52 टक्क्यांवर आले. आदिवासी कमी झाले नाहीत, बाकीचे वाढले. त्या वाढलेल्यांत माझी बहीण, भावोजी आणि आठ वर्षांची भाची असे तिघे आहेत. भावोजी सुताच्या कारखान्यात पाळीने काम करतात.

खरे सांगायचे तर मी तिथे एक वर्ष उशिरा पोचलो. मागच्या वर्षी भावोजींच्या डाव्या हाताला यंत्रात दुखापत झाली. बहिणीचा फोन आला, "अण्णा, येतोस काय रे?" माझे पेपर तपासण्याचे काम चालू होते. मी म्हणालो, आठ दिवसांत येतो. आठ दिवसांनी दुसरे काम निघाले. पैसे पाठवले, रोज फोन केला, आणि हळूहळू जाण्याची निकड संपली. आपल्या सगळ्यांच्या घरांत असे होते. पण होते म्हणून ते बरे असते असे नाही. यंदा मे महिन्यात सुट्टी लागली तशी पिशवी भरली, कुंदा घेतला आणि निघालो.

संध्याकाळी खोलीच्या उंबऱ्यात बसून भाची आईच्या फोनवर कार्टून बघत होती. मी शेजारी जाऊन बसलो. पडद्यावर एक गुबगुबीत, गोल डोक्याचा पोरगा उड्या मारत होता.

"हा कोण गं?"

"घटोत्कच! मामा, तुला माहीत नाही? याला नुसतं आठवायचं. आठवलं की लगेच येतो." मग फोनवरची नजर न काढता ती म्हणाली, "तू नाही आलास. पप्पांच्या हाताला लागलं तेव्हा."

"गप बस गं!" आतून बहीण ओरडली. पण पोरीचे काय चुकले होते? मी नाही तिला काही बोललो. बसून ते कार्टून बघू लागलो आणि मनात घटोत्कचाचाच विचार घोळू लागला.

आमच्या लहानपणी राक्षसाला बोलावण्याचा अधिकार मुलांकडे नव्हता, तो मोठ्यांकडे होता. आमची आई माहेरची गोकाककडची. रात्री आम्ही दंगा केला की ती म्हणायची, "गुम्म बरतान, सुम्न मलगु." वडिलांकडची आज्जी तेच मराठीत सांगायची, बागुलबुवा येईल. दोन्ही भाषांतले दोन्ही राक्षस मोठ्यांच्या बाजूचे. दार ते उघडणार, आणि पकडून नेणार आम्हाला. पुरंदरदासांचे एक प्रसिद्ध कन्नड पद आहे. त्यात बाळकृष्ण यशोदेला विनवतो, की आई, त्या गुम्माला बोलावू नकोस, मी आता खोड्या करणार नाही. ज्याने पुढे एवढे असुर मारले, तोही आईच्या गुम्माला भितो, ही त्यातली गोडी. पण त्यातही राक्षसाला बोलावणारी आईच.

आणि इथे ही आठ वर्षांची पोर सांगत होती, की याला मी आठवले की हा येतो. म्हणजे मधल्या काळात राक्षसाने बाजू बदलली. कशी बदलली?

या बाजू बदलण्याचे जगातले सर्वांत ठळक उदाहरण जपानचे. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. त्या वेळी एक जपानी मासेमारी बोट त्या भागात होती. तिच्यावरच्या 23 जणांच्या अंगावर किरणोत्सारी राख पडली आणि त्यांच्यातला एक जण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दगावला. हिरोशिमा-नागासाकीला तेव्हा नऊच वर्षे झाली होती. 3 नोव्हेंबर 1954 रोजी जपानमध्ये 'गोजिरा' हा चित्रपट लागला. दिग्दर्शक इशिरो होंडा. बॉम्बच्या चाचण्यांनी समुद्रातून उठवलेला एक महाकाय प्राणी टोकियो जाळतो, इस्पितळे जखमींनी भरतात, अशी ती गोष्ट. जग त्याला 'गॉडझिला' या नावाने ओळखते. त्याच वर्षी, 2 ऑगस्टला, सेलवास पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध काही नाही. पण एकाच पावसाळ्याच्या आगेमागे इकडे एक भीती संपत होती आणि तिकडे एक भीती पडद्यावर येत होती, हे ध्यानात राहते.

पुढे 1960 नंतरच्या चित्रपटांत गॉडझिला हळूहळू माणसांचा रखवालदार झाला. 1978 मध्ये अमेरिकेतल्या हॅना-बार्बेरा कंपनीने त्याची मुलांसाठी कार्टून मालिका काढली. तिच्यात कॅलिको नावाच्या जहाजावरून शास्त्रज्ञांची एक तुकडी समुद्र धुंडाळते. संकट आले की जहाजाचा कप्तान एका यंत्राचे बटण दाबतो, आणि समुद्रातून गॉडझिला वर येतो. सोबतीला गॉडझुकी नावाचे त्याचे एक भित्रे, उडणारे पिल्लू आहे. इंग्रजीत त्याला गॉडझिलाचा 'नेफ्यू' म्हणतात. आता तो पुतण्या की भाचा, हे ठरवायला आपल्याकडचीच एखादी मावशी पाहिजे. त्याआधी 1966 मध्ये किंग काँगचेही असेच झाले होते. 1933 च्या चित्रपटात न्यूयॉर्कच्या इमारतीवरून कोसळलेला तो प्रचंड वानर कार्टूनमध्ये एका लहान मुलाचा दोस्त झाला.

मुलांसाठी भीती कमी करायला हवी हे मान्य. अमेरिकेत त्या काळी मुलांच्या कार्टूनांतल्या मारामारीवर कडक बंधनेही होती. पण या बदलात एक गोष्ट गळून गेली. बोट राहिली, समुद्र राहिला, गॉडझिला राहिला, मात्र बॉम्ब गेला. ज्या कारणाने तो जन्मला, तेच कारण मुलांना कोणी सांगितले नाही.

आपला घटोत्कच याच वाटेने आला, फक्त त्याची वाट फार लांबची. हिडिंबा राक्षसी आणि भीम यांचा हा मुलगा. डोके घटासारखे म्हणून घटोत्कच. महाभारतात तो आईवडिलांचा निरोप घेताना शब्द देतो, की गरज पडेल तेव्हा मी येईन. वनवासात भीम त्याला नुसते आठवतो आणि तो हजर होतो. थकलेल्या द्रौपदीला खांद्यावर घेऊन डोंगर चढतो. भाची म्हणते ते अगदी व्यासांना धरून आहे.

त्याला पडद्यावर लाडका केला तो वत्सलाहरणाच्या कथेने. बलरामाची मुलगी वत्सला, तिचे अभिमन्यूवर प्रेम, दुर्योधनाच्या मुलाशी ठरलेले तिचे लग्न, आणि मायेने वत्सलेचे रूप घेऊन लग्नघरात धुमाकूळ घालणारा घटोत्कच. ही कथा व्यासांच्या महाभारतात नाही, लोकांनी ती नंतर रचली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी मूकपटांच्या काळातच तिला पडद्यावर आणले. त्यांच्या 1921 च्या 'सुरेखाहरण'मधूनच व्ही. शांताराम नट म्हणून पुढे आले. दक्षिणेत 1957 मध्ये के. व्ही. रेड्डी यांचा 'मायाबाजार' आला आणि एस. व्ही. रंगाराव यांनी घटोत्कच अजरामर केला. लग्नाची सारी पंगत एकटा फस्त करणारा, लाडू आपोआप ज्याच्या तोंडात उडत जातात असा तो घटोत्कच ज्यांनी पाहिला, ते अजून विसरलेले नाहीत.

त्या के. व्ही. रेड्डींच्या हाताखाली एक तरुण सहायक उमेदवारी करत होता, सिंगीतम श्रीनिवास राव. हे नाव आपल्याकडच्या कन्नड घरांत नवे नाही. डॉ. राजकुमार यांचे 'हालु जेनु' आणि 'भाग्यद लक्ष्मी बारम्मा' त्यांनीच दिग्दर्शित केले, आणि एकही संवाद नसलेला 'पुष्पक'ही त्यांचाच. याच सिंगीतम यांनी 2008 मध्ये 'घटोत्कच' हा पूर्ण लांबीचा कार्टूनपट केला. 'मायाबाजार'नंतर पन्नास वर्षांनी रंगारावांचा आडदांड राक्षस लहान मुलांएवढा झाला, त्यांच्यासारखा खोडकर झाला. गॉडझिला ज्या रस्त्याने गेला त्याच रस्त्याने हाही गेला, आणि मला वाटते अधिक सहज गेला. कारण आपल्याकडे राक्षसाशी ओळख ठेवण्याची सवय जुनी आहे. कोकणातल्या दशावतारातला काळ्या कपड्यातला, लाल जिभेचा संकासुर घ्या. मुले त्याला भितात आणि त्याच्याच मागे धावतात. मी लहान असताना आजोळी दोड्डाट पाहिला होता. मोठा किरीट घातलेला राक्षस रंगमंचावर आला तसा मी आईच्या पदरात शिरलो. सकाळी तोच माणूस हॉटेलात चहा पीत बसला होता. गालावर अजून रंग होता. त्याने मला जवळ बोलावून भजे दिले. त्या दिवसापासून मला गुम्माची भीती वाटली नाही.

तर कार्टूनचा हा फायदा मी मान्य करतो. ज्या मुलीचे वडील आठवड्याआड रात्रपाळीला जातात आणि जी आईबरोबर एका खोलीत झोपते, तिच्या हाती राक्षसाला बोलावण्याचा अधिकार आला, हे चांगलेच झाले. तिला बागुलबुवा दाखवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरे.

पण गोष्ट इथे संपत नाही. रात्री जेवणे झाल्यावर भाचीने विचारले, "मामा, घटोत्कच मोठा झाल्यावर काय करतो?" बहिणीने मला डोळ्यांनी नको म्हणून खुणावले. शेजारच्या खोलीतल्या बाई गप्पांना आल्या होत्या. कोकणा समाजाच्या, खानवेलच्या बाजूच्या, त्याही कारखान्यात कामाला. त्याही ऐकू लागल्या. मी बी.ए.च्या वर्गात महाभारतावर कितीतरी तास बोललेलो माणूस. पण आठ वर्षांच्या मुलीला द्रोणपर्व कसे सांगायचे?

मी सांगितले. युद्धाचा चौदावा दिवस. सूर्य मावळला तरी लढाई थांबली नाही. रात्री राक्षसांचे बळ वाढते, म्हणून घटोत्कचाला पुढे केले. त्याने कौरवांचे सैन्य उधळून लावले. कर्णाजवळ इंद्राने दिलेली एक शक्ती होती. ती एकदाच वापरता येणार होती आणि ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली होती. शेवटी नाइलाजाने ती त्याने घटोत्कचावर टाकली. पडता पडता घटोत्कचाने आपले अंग डोंगराएवढे केले आणि तो शत्रूच्या सैन्यावर पडला, म्हणजे मरतानाही आपल्या माणसांना उपयोग व्हावा. पांडव रडू लागले. कृष्ण मात्र आनंदाने नाचला, कारण अर्जुन वाचला होता.

भाची बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "मग त्याच्या आईला कोणी सांगितलं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. कृष्णाचे राजकारण, कर्णाची अगतिकता यांवर मी वर्षानुवर्षे टिपणे लिहून दिली आहेत. हिडिंबेला निरोप कोणी दिला, हे मला एकदाही सुचले नव्हते.

शेजारच्या बाईच म्हणाल्या, "आमच्याकडे भवाड्यात हिडिंबेचं सोंग येतं. ती आपली आपण येते." भवाडा म्हणजे कोकणा लोकांचे मुखवट्यांचे नाचणे. जव्हार-मोखाड्याकडे त्याला बोहाडा म्हणतात. उन्हाळ्यात रात्ररात्र ही सोंगे नाचतात. गणपती, मारुती यांचे मुखवटे असतात, तसे रावणाचे, त्राटिकेचेही असतात. बाई सांगत होत्या, की सोंग कोणत्या घराने घ्यायचे ते ठरलेले असते, मुखवटा देवाचा असो की राक्षसाचा, त्याची पूजा होते, आणि नाचून झाल्यावर तो नीट गुंडाळून पुन्हा घरात ठेवतात. "टाकत नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली परत लागतो ना!"

मला त्यांचे ते "टाकत नाही" फार लागले. ज्याला आपण अडीनडीला बोलावतो, त्याचे काम झाल्यावर त्याचे काय करायचे, याची काही रीत त्या भवाड्यात आहे. पांडवांना ती रीत साधली असे म्हणवत नाही. आणि आपल्यालाही साधते असे नाही. सेलवास मुक्त करायला 1954 मध्ये गेलेल्यांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, राजा वाकणकर होते. त्यांची नावे आपण अभिमानाने घेतो आणि ती घ्यायलाच हवीत. पण त्या लढ्यात वारलीही होते, आणि त्यांतले एकही नाव मला सांगता येत नाही. आज चाळीचाळीतून रात्रपाळीला जाणाऱ्या माणसांचे तेच. सुताचा धागा तुटला की घंटा वाजते आणि माणूस धावतो. बोलावले की येणाऱ्यांवरच जग चालते. कार्टूनमध्ये एवढेच दाखवतात की तो आला. तो कुठून आला, त्याला काय लागले, त्याच्या घरी कोण वाट पाहत होते, हे घरातल्या मोठ्यांनी सांगायचे असते.

म्हणून पालकांना माझी एवढीच विनंती. मुलांना कार्टून बघू द्या, पण कधीतरी शेजारी बसून उरलेली गोष्ट सांगा. मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, जी भाषा तोंडाला येईल तिच्यात सांगा. मुले घाबरतील असे वाटते, पण मुलांना ती पेलते. त्यांचे प्रश्न मात्र आपल्याला पेलतीलच असे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी रात्रपाळीहून आले. डाव्या हाताची दोन बोटे अजून पूर्ण मिटत नाहीत, म्हणून डबा उजव्या हातात. भाचीने तो पुढे होऊन घेतला आणि विचारले, "पप्पा, हात दुखला?" मग तिने त्यांना कुंदा दिला, आणि राक्षसाने तो फस्त करू नये म्हणून उरलेला मोजून ठेवला. मी भावोजींचा हात हातात घेऊन पाहिला. एक वर्ष मी त्या हाताविषयी फोनवर विचारत होतो, पण पाहिला आत्ता. "आता बरंय अण्णा," ते म्हणाले. "तुम्ही आलात, बरं वाटलं." त्यांनी मागचा विषयच काढला नाही.

निघताना भाचीला म्हणालो, "गणपतीला येतो." तिने विचारले, "आठवलं की?" मी म्हणालो, "नाही गं, मामा रेल्वेने येतो. त्याला आठवण करून द्यावी लागते."

परतीच्या गाडीत बसल्यावर पहिले काम केले ते गणपतीच्या रिझर्वेशनचे. तेव्हा पेपर तपासायला आलेच, तर ते आठ दिवस थांबतील.